बारीक कुत्रा, वेगळे माप

कारवान कुत्रा घरात आणला की आठवड्याभरात शेजारचे कोणीतरी विचारतेच, "काय हो, याला खायला घालता की नाही?" फासळ्या दिसतात, पोट पाठीला लागलेले, मांड्या मात्र पैलवानाच्या, आणि लांबट तोंड कायम उतरल्यासारखे. लॅब्रेडॉर आणि पामेरियन बघून सवय झालेल्या डोळ्यांना हा कुत्रा आजारी वाटतो. चार जणांनी तेच विचारले की मालकालाही तसे वाटू लागते. तो भाकरीवर तूप घालतो, टॉनिक आणतो, शेवटी रक्त तपासून घेतो. रिपोर्टमधले दोन-चार आकडे छापील मर्यादेबाहेर निघतात आणि धडधाकट कुत्र्यावर उपचार सुरू होतात.

खरे तर सोलापूरकरांना हा कुत्रा परका नाही. सांगोला, मंगळवेढा आणि तिकडे जतच्या माळावर मेंढरांमागे चालणारा, उंच पायांचा, अंगाला केस जेमतेम असलेला कुत्रा ज्याने पाहिला नाही असा माणूस या भागात विरळा. मध्य आशिया आणि अरबस्तानातून आलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवाँबरोबर, त्याचे पूर्वज दख्खनेत आले असे मानतात, त्यावरून नाव कारवान. कान आणि शेपटीला रेशमी केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात. विजापूर ओलांडून पुढे गेले की मुधोळ लागते. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला या कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला भेट दिली आणि मुधोळ हाउंड हे नाव रूढ झाले. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचे नाव घेतले, तेव्हा ते घराघरांत पोचले. आज जुळे सोलापुरातल्या एखाद्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही तो सोफ्यावर पाय ताणून झोपलेला दिसतो.

जगात ज्यांना साइटहाउंड म्हणतात, म्हणजे वासाऐवजी नजरेने सावज हेरून पळत गाठणारे कुत्रे, त्यांच्या कुळातला हा. ग्रेहाउंड, साळुकी, व्हिपेट हे त्याचे भाऊबंद. पाच किलोच्या आतबाहेरचा नाजूक इटालियन ग्रेहाउंडही त्यातलाच. फ्लॅटमध्ये तो मावतो खरा, पण सोफ्यावरून उडी मारताना त्याच्या पुढच्या पायाचे काडीएवढे हाड मोडणे ही पशुवैद्यांच्या रोजच्या ओळखीची गोष्ट आहे. कारवान त्या मानाने काटक. उंची दोन-सव्वादोन फूट, वजन वीस ते अठ्ठावीस किलो. सोलापूरच्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला. आपल्याकडे या कुळातला कुत्रा पाळायचा असेल तर तो हाच पाळावा, यात दुमत होण्याचे कारण नाही. फक्त त्याचे शरीर इतर कुत्र्यांच्या मापाने मोजू नये.

हे शरीर एकाच कामासाठी घडले आहे. थोडा वेळ, पण जीव तोडून पळणे. पळताना त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो, एका ढांगेत चारही पाय दोनदा जमिनीपासून अधांतरी होतात. चित्ता असाच पळतो. छाती खोल, कारण आत मोठे हृदय आणि फुप्फुसे बसवायची आहेत. पोट आत गेलेले, कारण मागचे पाय पुढे यायला जागा हवी. कातडीखाली चरबीचा थर नाहीच म्हटले तरी चालेल. डोळ्यांचीही रचना कामाला साजेशी आहे. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर दृष्टीच्या पेशी एका आडव्या पट्ट्यात दाट असतात, त्यामुळे क्षितिजावर कुठेही काही हलले की ते टिपले जाते. ससा, मांजर, शेजाऱ्याची कोंबडी, वाऱ्याने उडालेली प्लॅस्टिकची पिशवी, सगळे सारखेच.

आणि एकदा टिपले की मग मालकाची हाक कानात शिरत नाही. त्याला हट्टी म्हणण्यात अर्थ नाही, त्या क्षणी त्याच्या मेंदूत दुसऱ्या कशाला जागाच नसते. म्हणून या कुत्र्याला रस्त्यावर मोकळे सोडू नये, कितीही शिकवलेला असला तरी. साधा गोल पट्टाही चालत नाही. याची मान डोक्यापेक्षा जाड किंवा बरोबरीची असते, मागे सरकून त्याने मान खाली घातली की पट्टा सुटून हातात येतो आणि कुत्रा विजापूर रोडच्या रहदारीत. रुंद आणि ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा, किंवा छातीवरून बांधायचा, एवढा खर्च करावाच. हौसेने माळावर सशामागे सोडणाऱ्यांनी तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आठवण ठेवलेली बरी. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपासच्या माळावर काळवीट आहेत, लांडगे आहेत. तिथे कुत्रा सोडणे म्हणजे शिकारच, मग मालक त्याला व्यायाम म्हणो की आणखी काही.

घरात मात्र हाच प्राणी आळशी वाटावा इतका शांत. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास फिरवला आणि बंदिस्त मैदानात अधूनमधून पळू दिला की उरलेला दिवस तो झोपून काढतो. भुंकतो कमी. मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टर आठवड्याला किमान दीडशे मिनिटे चालायला सांगतात आणि रुग्ण मान डोलावून घरी जातो. दारात पट्टा तोंडात धरून उभा असलेला कुत्रा हे काम जास्त चोख करतो. पण स्वतःची साखर आटोक्यात आणायला म्हणून कुत्रा आणू नये. तो बारा-तेरा वर्षे जगतो, उत्साह तीन महिने टिकतो.

लहान मुले असलेल्या घरात एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. या कुळातले काही कुत्रे डोळे अर्धवट उघडे ठेवून गाढ झोपतात. मूल त्याला जागा समजून गळ्यात पडते, कुत्रा दचकतो आणि जाग येण्याआधी दात लागतात. मुलांना बहुतेक वेळा चेहऱ्यावरच लागते, कारण त्यांचा चेहरा कुत्र्याच्या उंचीला असतो. कुत्र्याची झोपायची जागा वेगळी असावी, तिथे मुलांनी जाऊ नये, आणि उठवायचे तर लांबून नाव घेऊन उठवावे.

खाण्याचे बघू. शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेच्या हाडांची टोके दिसणे हे या कुत्र्याच्या तब्येतीचे लक्षण आहे. सगळ्या फासळ्या, पाठीचे मणके वर आले आणि मांडीचा स्नायू झडला, तर मात्र काळजी करावी. केवळ लोकांना बरा दिसावा म्हणून लठ्ठ केलेल्या कारवानाच्या सांध्यांवर, गुडघ्यांवर तो भार येतो, आणि उन्हाळ्यात चरबी उष्णता अडवते ते वेगळेच. ज्वारीची भाकरी आणि ताक एवढ्यावर रानातला कुत्रा जगतो हे खरे, पण तो मध्येच उंदीर-घूसही खातो. घरातल्या कुत्र्याला भाकरीबरोबर अंडे, शिजवलेले मांस असे प्रथिन लागतेच. जेवण दोन वेळा विभागून द्यावे आणि जेवल्यावर लगेच पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांचे जठर वायूने फुगून पीळ खाते. पोट नगाऱ्यासारखे टम्म, कुत्रा ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काही पडत नाही, अशी अवस्था दिसली तर सकाळची वाट पाहण्याइतका वेळ हातात नसतो. तसेच पशुवैद्याकडे न्यावे.

सोलापूर जिल्ह्याला एक खास सूचना करावी लागेल. इथे द्राक्षे आणि बेदाणे घरोघर, आणि मुले कौतुकाने कुत्र्यापुढे मूठ उघडतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. किती खाल्ल्यावर बाधतील याचा नेम नाही, एखाद्याला थोडेही बाधतात. त्यातले टार्टारिक आम्ल याला कारण असावे असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असते. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, तेव्हा लसूण घातलेली शेंगाचटणी आपल्याच ताटात ठेवावी.

आता ऊन. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर आठवडेच्या आठवडे राहतो. कारवान इथलाच, त्याला ऊन लागत नाही, असा समज पक्का आहे. तो निम्माच खरा. बारीक अंग आणि आखूड केस यामुळे उष्णता बाहेर टाकण्यात तो जाड केसांच्या हस्कीपेक्षा कितीतरी सरस आहे. पण त्याची अडचण आतल्या भट्टीची आहे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान अडतीस ते एकोणचाळीस अंश सेल्सिअसच्या घरात असते. ग्रेहाउंड अर्ध्या मिनिटाची शर्यत पळून थांबतो तेव्हा ते एक्केचाळीसच्या आसपास गेलेले असते. हवा थंड असली की ते उतरते. हवाच बेचाळीस अंशांवर असली की उष्णता जाणार कुठे? घाम कुत्र्याला पंजाच्या गादीपुरताच येतो. उरतो एकच मार्ग, जीभ बाहेर काढून धापा टाकत तोंडातले पाणी वाफेवर घालवणे. माठ गार होतो त्याच तत्त्वावर हे चालते. म्हणजे सोलापूरच्या कोरड्या उन्हात ते चालतेही, पण त्याला पाणी लागते, भरपूर. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की माठ जसा पाणी गार करत नाही, तशी ही धापही कमी पडते. उष्माघात मे महिन्यातच होतो असे नाही.

उन्हाळ्यात फिरणे सातच्या आत उरकावे, संध्याकाळी रस्ता निवल्यावर. निवला की नाही हे पाहायला तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवावी. सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याच्या पंजालाही ते सोसणार नाही. दुपारी फरशी पुसून त्यावर पंखा, जमल्यास कूलर. कुत्रा धाप थांबवेना, लाळ चिकट झाली, हिरड्या विटेसारख्या लाल दिसू लागल्या, पाय लटपटले, तर आधी गार करावे आणि मग दवाखान्यात न्यावे. सावलीत आणून नळाचे पाणी अंगावर, पोटावर, मांड्यांवर ओतत राहावे आणि वारा घालावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, तो थोड्या वेळात तापतो आणि आतली उष्णता कोंडतो. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवावे, घशात ओतू नये. माणसांच्या तापाच्या गोळीचा उष्माघातात काडीचा उपयोग नाही. उलट आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात जखमा होतात, मूत्रपिंडे बिघडतात. घरातल्या औषधांच्या डब्यातले काहीही कुत्र्याला द्यायचे नाही, एवढे धरून चालावे.

हिवाळ्यात उलटी गत. डिसेंबरच्या रात्री हा कुत्रा कुडकुडतो, कारण ऊब धरायला चरबी नाही. जुनी सोलापुरी चादर त्याला पुरते. नवीही तो सोडत नाही.

मापाचा प्रश्न सर्वांत जास्त नडतो तो रक्ताच्या रिपोर्टमध्ये. प्रयोगशाळेने छापलेली 'नॉर्मल' मर्यादा सरसकट कुत्र्यांची असते. ग्रेहाउंड आणि त्याच्या कुळातल्या कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासांत त्यांचे रक्त वेगळे निघाले. इतर कुत्र्यांत रक्ताचा साधारण ३७ ते ५५ टक्के भाग तांबड्या पेशींचा असतो, तर निरोगी ग्रेहाउंडमध्ये तो पन्नाशीच्या पुढे, साठीपर्यंत जातो. पळणाऱ्या स्नायूंना प्राणवायू पुरवायचा तर तसाच हवा. याचा अर्थ असा की ४० टक्क्यांचा रिपोर्ट कागदावर 'नॉर्मल' दिसतो, प्रत्यक्षात त्या कुत्र्याचे रक्त कमी झालेले असू शकते. प्लेटलेटचे उलटे आहे. त्या मुळातच कमी असतात. आपल्याकडे गोचीडतापाची शंका आली की आधी प्लेटलेट पाहतात. कमी दिसल्या म्हणजे गोचीडतापच, असे या कुत्र्याबाबत म्हणता येत नाही, अंगावरच्या गोचिडी, ताप, खाणे आणि तांबड्या पेशी हे सगळे एकत्र पाहावे लागते. थायरॉईडचे एक संप्रेरकही या कुळात कमीच असते, आणि त्यावरून निरोगी कुत्र्याला कायमची गोळी लागते. हृदयावर नळी ठेवल्यावर हलका सूं आवाज येणे हेही मोठ्या हृदयाच्या या कुत्र्यांत पुष्कळदा निरुपद्रवी असते. शहाणपणाचा उपाय म्हणजे कुत्रा तरणा आणि ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवणे. पुढे आजारात तुलना स्वतःशीच होते, लॅब्रेडॉरशी नाही.

भूल देतानाही तेच. थायोपेंटोन हे जुने, स्वस्त भुलीचे औषध ग्रेहाउंडच्या यकृतात फार सावकाश मोडते, शिवाय ते साठवायला अंगात चरबी नाही, त्यामुळे कुत्रा तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. नसबंदीसारख्या साध्या शस्त्रक्रियेआधी मालकाने पशुवैद्याला जात स्पष्ट सांगावी, गावठी म्हणून सोडून देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर ऊब द्यावी. काही ग्रेहाउंडमध्ये एक-दोन दिवसांनी जखमेभोवती रक्त उतरून काळेनिळे होते, तेव्हा टाके चांगले दिसले तरी तीन दिवस लक्ष ठेवावे. यांची कातडीही पातळ असते. बाभळीचा काटा, तारेचे कुंपण, दुसऱ्या कुत्र्याचा दात, एवढ्याने ती कापडासारखी फाटते.

इथवर कुत्र्याचे झाले. घरातल्या माणसांच्या दृष्टीने या कुत्र्याचा एक जुना हिशेब आहे, आणि तो मेंढरांशी जोडलेला आहे. एकिनोकॉकस नावाचा जंत, जेमतेम काही मिलिमीटरचा, कुत्र्याच्या आतड्यात राहतो. कुत्र्याला तो काहीही त्रास देत नाही. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, मेंढ्या ती खातात आणि त्यांच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. मेंढी कापली की ते खराब काळीज किंवा फुप्फुस कुत्र्यापुढे टाकले जाते आणि चक्र पुरे होते. माणूस यात चुकून सापडतो. कुत्र्याच्या अंगाला, जिभेला लागलेली अंडी हातावर येतात, हात तोंडात जातो. मग यकृतात गाठ वाढू लागते, इतकी हळू की लहानपणी लागण झालेल्या माणसाला तिशी-चाळिशीत पोट जड वाटू लागते आणि सोनोग्राफीत ती दिसते. निम्म्याहून अधिक गाठी यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसात. गाठ फुटली तर आतल्या पाण्याने जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी होऊ शकते. उपचार आहेत, महिनोन्‌महिने अल्बेंडॅझोल, सुईने पाणी काढणे, शस्त्रक्रिया. पण ज्या आजाराचा उगम कुत्र्याच्या पुढ्यात टाकलेल्या एका काळजात आहे, तो ऑपरेशन टेबलापर्यंत जाऊ देण्याचे कारण काय?

फ्लॅटमधल्या कुत्र्याला हे लागू नाही असे समजणे धोक्याचे आहे. पिल्लू बहुधा मेंढपाळाच्या किंवा शेतकऱ्याच्या वस्तीवरूनच आलेले असते. आणि शहरातला मालकही खाटकाकडून स्वस्तात वजडी, फोफसे आणून कौतुकाने कच्चे घालतो. मांस द्यायचे तर शिजवूनच. जंताच्या औषधात प्राझिक्वांटेल आहे ना, हे पशुवैद्याला विचारून घ्यावे, कारण नुसती साधी जंताची गोळी या जंताला पुरत नाही. हा जंत कुत्र्याच्या पोटात शिरल्यापासून साधारण सहा-सात आठवड्यांत अंडी घालू लागतो, तेव्हा वर्षातून एकदा दिलेली गोळी नावापुरतीच. मेंढरांत वावरणाऱ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी द्यावी, त्याहून किती लवकर ते पशुवैद्य सांगेल. गोळीनंतरच्या दोन-तीन दिवसांची विष्ठा पुरून टाकावी. हात साबणाने धुवावेत, कुत्र्याला तोंड चाटू देऊ नये.

रेबीजबद्दल लिहिताना नवीन काही नाही, तरीही लिहावे लागते. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर लस, मग पशुवैद्य सांगेल तसा बूस्टर आणि दरवर्षी. घरच्या, लस घेतलेल्या कुत्र्याचा दात लागला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पंधरा वाटतात. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. कातडीत द्यायच्या लशीचे दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस, पहिला दिवस शून्य धरून. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते, ते पहिल्याच दिवशी. कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर बांधून ठेवावा, पण तो दहा दिवस जगतो का हे पाहून मग लस घ्यायची, असे करू नये. शेवटचा, अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस बऱ्याच जणांचा राहून जातो. जखम तोवर भरलेली असते आणि कुत्रा पायाशी झोपलेला असतो.